सोलो ज्याचा नाही, त्याच्याकडे कान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "तुम्ही चाळीसेक वर्षं जॅझ ऐकताय. मी 'काइंड ऑफ ब्लू' चार वेळा ऐकली. कानाला गोड लागली, पण मागे काहीतरी वाजत होतं एवढंच लक्षात राहिलं. तुमचे आवडते वादक कोण, आवडत्या रेकॉर्ड कोणत्या, आणि मी पुढे काय ऐकू?"

पुढे इतक्यात काही ऐकू नका. तीच रेकॉर्ड पाचव्यांदा लावा आणि या खेपेला जिच्या कव्हरवर नाव आहे त्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे चक्क दुर्लक्ष करा.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पहिली दहा-बारा वर्षं मी जॅझ चुकीच्या टोकाने ऐकलं. ज्याचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरांत, त्याचा सोलो ऐकायचा. तो संपला की पुढच्याच्या सोलोची वाट बघायची. मधले वाजवणारे म्हणजे नाटकातला पडदा. मग हळूहळू कळलं की मी ज्या रेकॉर्डकडे पुन्हा पुन्हा वळते, त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: कुणीतरी कुणाचं तरी ऐकतंय, आणि ते ऐकणं आपल्याला ऐकू येतंय. माझे आवडते वादकही त्याच मापाने ठरलेले आहेत. तेव्हा यादी मागितलीत तरी मिळेल ती अशीच, वाकडीतिकडी.

आधी 'काइंड ऑफ ब्लू' संपवू. ती ध्वनिमुद्रित झाली १९५९मध्ये, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन बैठकांत, न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत. ती इमारत मुळात चर्चची, छत उंच. त्या रेकॉर्डमधली हवा थोडीफार त्या छताची आहे. पहिली रचना 'सो व्हॉट'. सुरुवातीची पियानो-बासची कुजबुज संपली की मुख्य धून कोण वाजवतं बघा. बास वाजवतो, पॉल चेंबर्स. बाकीचे नुसते दोन सुरांचा होकार भरतात. एरवी तळघरात राबणारा माणूस इथे दिवाणखान्यात बसून बोलतोय आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले मान डोलावतायत. मग माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉबने सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या झांजेवर, मारलेला ठोका ऐका. तो ठोका माइल्सच्या पहिल्या सुरांखाली कितीतरी वेळ रेंगाळत राहतो. चार वेळा ऐकून तो तुमच्या कानातून निसटला असेल तर नवल नाही, माझ्या तर चाळीस वेळा निसटला.

रचनेचा सांगाडा अगदी साधा आहे. सोळा बार (इथे एक बार म्हणजे चार मात्रा) एक स्वरसप्तक, मग आठ बार तेच अर्धा सूर वर सरकवलेलं, मग आठ बार पुन्हा खाली. बत्तीस बारांचा हा एक फेरा, त्याला कोरस म्हणतात. बोटांवर मोजत ऐका. ती अर्ध्या सुराची पायरी कोण कशी चढतं, यात त्या तिघा फुंकणाऱ्यांचे स्वभाव दिसतात. माइल्स आधी थांबतो, मग पाऊल टाकतो. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं डोकं पायरीच्या आधीच वर पोचलेलं असतं. दुसरा सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली हसत हसत उडी मारतो.

आणि पियानो. या रेकॉर्डवर पियानोवादक दोन आहेत हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. बाकी सगळीकडे बिल इव्हान्स, फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये विंटन केली. फुंकणारे तेच, बास-ड्रम्स तेच, जवळजवळ तोच दिवस. पण केली मागे बसला की सगळ्यांचे खांदे सैल होतात, पाय आपोआप ठेका धरतो. इव्हान्स बसला की सगळे जरा आवाज खाली आणून बोलू लागतात. सोलो नसताना माणूस काय करतो याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

जाता जाता एक गंमत. २ मार्चच्या बैठकीत एक टेपयंत्र किंचित संथ फिरत होतं, त्यामुळे मूळ तबकडीची पहिली बाजू खऱ्यापेक्षा थोडी चढ्या सुरात ऐकू यायची. ती दुरुस्त होऊन यायला १९९०चं दशक उजाडलं. तोवर तीस-पस्तीस वर्षं रेकॉर्डबरोबर सराव करणारी बिचारी पोरं आपलंच वाद्य बेसूर समजून पिळत बसली असतील.

आता मागे जाऊ. जुन्या रेकॉर्डची खरखर मला बरीच वर्षं सहन व्हायची नाही. १९३०च्या आधीचं काही लागलं की वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी पत्र्यावर गहू पाखडतंय. ती खरखर कानाआड करायला लावली लुई आर्मस्ट्राँगने. 'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८. सुरुवातीला साथीशिवाय एकटा ट्रम्पेट, जेमतेम बारा-तेरा सेकंद, आणि त्यात पुढच्या पिढ्यांना पुरेल एवढं सामान. यावर सगळेच लिहितात, म्हणून मी दुसरीकडे बोट दाखवते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक अर्ल हाइन्स यांनी दोघांनीच 'वेदर बर्ड' वाजवलं. बास नाही, ड्रम्स नाहीत. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू, तीन मिनिटांच्या आत संपते. दोघं एकमेकांना इतक्या प्रेमाने फसवतायत की बस! एक जण ठेका मोडून बाजूला होतो, दुसरा त्याला पडू देत नाही, आणि पुढच्याच बाराला परतफेड करतो. शेवटी शेवटी तर दोघं वाक्यं वाटून घेतात, अर्धं याचं, अर्धं त्याचं. मला आर्मस्ट्राँग आवडतोच, पण 'वेदर बर्ड' ऐकल्यापासून मी हाइन्सच्या डाव्या हाताची भक्त आहे.

त्यानंतर माझ्या घरात कायमचा मुक्कामाला आलेला माणूस म्हणजे लेस्टर यंग. टेनर सॅक्सोफोनचा त्या काळचा बादशहा कोलमन हॉकिन्स. त्याचं ऑक्टोबर १९३९चं 'बॉडी अँड सोल' ऐका जरूर; मूळ चाल तो जेमतेम सुरुवातीला दाखवतो आणि मग दोन कोरस तिच्यावर स्वतःचा वाडा बांधतो. भव्य आहे. पण मला वाड्यापेक्षा लेस्टरची ओसरी बरी वाटते. हलका, कोरडा आवाज, सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. आणि त्याचं सगळ्यात चांगलं वादन त्याच्या नावावरच नाही, ते बिली हॉलिडेच्या गाण्यांमागे लपलेलं आहे. १९३७ सालच्या त्यांच्या एकत्र बैठका शोधा. 'अ सेलबोट इन द मूनलाइट' हे तसं बेताचं, चालू फॅशनचं गाणं. बिली एक ओळ म्हणते, आणि ती श्वास घेते तेवढ्या फटीत लेस्टर दोन-तीन सूर ठेवून जातो. कधी तिच्या ओळीखालून सरपटत जातो, पण शब्दावर पाय कधीच पडत नाही. त्याने तिला 'लेडी डे' म्हणायचं, तिने त्याला 'प्रेझ'. नावं कशी पडली याच्या कथा चिक्कार आहेत; मला ती गाणी पुरेशी वाटतात.

याच जोडीचा शेवटचा अंक पडद्यावर बघता येतो, आणि एवढी एक गोष्ट मी सगळ्यांना बघायलाच लावते. ८ डिसेंबर १९५७ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'द साउंड ऑफ जॅझ' नावाचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यात बिली 'फाइन अँड मेलो' हे स्वतःचं ब्लूज गाते. भोवती अर्धवर्तुळात बेन वेब्स्टर, हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जेरी मलिगन असे दिग्गज. लेस्टरची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. वेब्स्टरचा भारदस्त सोलो झाल्यावर तो उठतो आणि एकच कोरस वाजवतो, ब्लूजचे बारा बार, चाळीसेक सेकंद. सूर मोजकेच, त्यातही एकही दाखवायला म्हणून वाजवलेला नाही. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती किंचित मान हलवते, ओठ मुडपते, डोळ्यांत कुठेतरी हसते. जणू तो काय बोलतोय ते तिला एकटीलाच कळतंय आणि ती प्रत्येक शब्दाला 'हो' म्हणतेय. सव्वा वर्षाने, १५ मार्च १९५९ला लेस्टर गेला. त्याच वर्षी १७ जुलैला बिली. बासवादक चार्ल्स मिंगसने लेस्टरसाठी केलेलं 'गुडबाय पोर्क पाय हॅट' त्याच वर्षीच्या 'मिंगस आह उम'वर आहे. ते त्यानंतर ऐका, आधी नको.

अल्टो सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून उरकून टाकते. थोर आहे, माझा नाही. २६ नोव्हेंबर १९४५चं 'को-को' ऐकलं की अजूनही धाप लागते. 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मांडणीवर, ते बेतलेलं आहे. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे मुद्रणाच्या पहिल्या प्रयत्नात, मंडळी चुकून 'चेरोकी'ची मूळ चालच सुरू करतात आणि मध्येच थांबवतात, तेही जपून ठेवलेलं आहे. एक ऐतिहासिक अडचण मात्र ध्यानात ठेवा. १९४२ ते १९४४ या काळात वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता, आणि नेमकं तेव्हाच बीबॉप, म्हणजे पार्करच्या पिढीचं नवं वेगवान जॅझ, आकार घेत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ते एकदम मिशा फुटलेलंच अवतरतं. त्याचं बालपण आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पार्कर वयाच्या ३४व्या वर्षी गेला. त्याच्या वेगापुढे मला साथीदार धावताना ऐकू येतात, बोलताना क्वचित. अपवाद ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी. ते दोघं एकत्र धून वाजवतात तेव्हा एकाच माणसाला दोन तोंडं असावीत असं वाटतं.

थेलोनियस मंक. इथे माझी लाज सांगते. पहिल्यांदा मंक ऐकला तेव्हा मला वाटलं, या माणसाला पियानो येत नाही, किंवा पियानो तरी बिघडलाय. मित्राने कौतुकाने दिलेली रेकॉर्ड मी आठवड्याने परत केली, वर एक खोचक शेराही मारला. तो मित्र नुसता हसला. आता मला कुणी एकाच पियानोवादकाचं विचारलं तर मी मंकच सांगेन, आणि तो मित्र अजूनही हसतो.

मंक उमगला तो त्याच्या गप्प बसण्यातून. २४ डिसेंबर १९५४ला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने न्यूजर्सीतल्या हॅकेन्सॅकला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात थाटलेल्या स्टुडिओत एक बैठक झाली. हा व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात जॅझचे कान घडवायचा. बैठकीला माइल्स, मंक, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, बासवर पर्सी हीथ, ड्रम्सवर केनी क्लार्क. माइल्सने मंकला बजावलं होतं की माझ्या सोलोमागे वाजवू नकोस. त्यावरून मारामारी झाल्याची दंतकथा आहे. दोघांनीही ती नाकारली. 'द मॅन आय लव्ह'चा दुसरा टेक लावा. आपल्या सोलोत मंक चाल ओढून ओढून लांबवतो, इतकी की ती खालच्या लयीपासून सुटून तरंगू लागते. आणि मग तो थांबतो. साफ थांबतो. बास आणि ड्रम्स चालूच, आणि पियानोच्या जागी भोक. शेवटी माइल्स लांबून ट्रम्पेटची एक फुंकर मारतो, 'अरे, आहेस ना?' अशी, आणि मंक दचकून उठल्यासारखा धबाधबा परत येतो. तो हरवला होता की मुद्दाम गप्प होता यावर लोक अजून भांडतात. मला त्या रिकाम्या बारांमध्ये सगळी खोली श्वास रोखून ऐकताना ऐकू येते, माझं तेवढ्यावर भागतं.

मंकची 'ब्रिलियंट कॉर्नर्स' १९५६ची. शीर्षक रचना इतकी अडेलतट्टू की सनी रॉलिन्स, मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफर्ड असे खंदे वादक असूनही पंचवीस टेकमध्ये एकही धड पूर्ण झाला नाही. निर्माता ऑरिन कीपन्यूजला तुकडे जोडून ती उभी करावी लागली. एक कोरस संथ, पुढचा दुप्पट वेगाने, परत संथ. कान लावलात तर घाम गाळणारे वादक ऐकू येतात.

आणि १९५७. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात कोल्ट्रेन मंकबरोबर कित्येक महिने वाजवत होता. कोल्ट्रेनने नंतर सांगितलं की मंकबरोबर सतत जागं राहावं लागायचं, जरा लक्ष हटलं की लिफ्टच्या रिकाम्या खोबणीत पाय टाकल्यासारखं वाटायचं. मंक तर त्याच्या सोलोच्या मध्येच उठून नाचायला लागायचा, पियानो बंद, कोल्ट्रेन एकटा बास-ड्रम्सवर. त्या जोडीचं फार थोडं मुद्रण उरलंय असं आम्ही सगळे हळहळत होतो, तोच २००५मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात २९ नोव्हेंबर १९५७च्या कार्नेगी हॉल मैफलीच्या टेप सापडल्या. स्वच्छ आवाज, दोघंही ऐन भरात. त्या वर्षी मी नवीन म्हणून दुसरं काहीही ऐकलं नाही.

ड्यूक एलिंग्टनकडे मी उशिरा वळले, कारण पंधरा-सोळा माणसांचा वाद्यवृंद म्हटलं की मला लग्नातला बँड आठवायचा. चूक माझी. एलिंग्टन वाद्यांसाठी लिहायचाच नाही, माणसांसाठी लिहायचा. अल्टो सॅक्सोफोनच्या जागेवर त्याला जॉनी हॉजेस दिसायचा. १९४०-४१चा ताफा लावा, जिमी ब्लँटन बासवर आणि बेन वेब्स्टर टेनरवर. 'जॅक द बेअर'मध्ये विशीतला ब्लँटन बासवरून आख्ख्या वृंदाशी बोलतो. त्याआधी बास असा बोलत नसे. क्षयाने तो १९४२मध्ये गेला, वय २३. पॉल चेंबर्स 'सो व्हॉट'ची धून वाजवतो तेव्हा मला मागे ब्लँटन उभा दिसतो.

एलिंग्टनचा न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातला किस्सा मात्र पूर्ण सांगते, कारण त्यात रेकॉर्ड या वस्तूवर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं. ७ जुलै १९५६ची रात्र, उशीर झालेला, लोक उठायला लागलेले. एलिंग्टनने स्वतःच्या १९३७च्या दोन रचना काढल्या, 'डिमिन्युएंडो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू', आणि त्यांच्यामधली जागा टेनरवाल्या पॉल गोन्साल्व्हेसला दिली: वाजव हवं तेवढं. त्याने ब्लूजचे सत्तावीस कोरस वाजवले. गर्दी खुर्च्यांवरून उठली, नाचू लागली. हे सगळं झालं. पण गोन्साल्व्हेस भलत्याच मायक्रोफोनमध्ये फुंकत होता. तो 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओचा होता, कोलंबिया कंपनीचा नव्हे, त्यामुळे रेकॉर्डवर सगळ्यात गाजलेला सोलो लांबून ऐकू येतो. शिवाय त्या तबकडीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेल्या होत्या. १९९९मध्ये दोन्ही मायक्रोफोनच्या टेप जुळवून खरी मैफल बाहेर आली. ती आवृत्तीच घ्या. आणि सत्तावीस कोरस ऐकताना गोन्साल्व्हेसला सोडा. जिमी वुडचा बास आणि सॅम वुडयार्डचे ड्रम्स धरा. ते घाई करत नाहीत. बाहेर दंगल चालू आहे आणि हे दोघं गाडी एकाच वेगात ओढतायत. एलिंग्टनचं मधूनमधून ओरडणंही ऐकू येतं.

बिल इव्हान्सचं त्रिकूट. निर्जन बेटावर एकच रेकॉर्ड न्यायची असली तर कोणती, या बाष्कळ प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड हे तळघरातलं ठिकाण. इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रम्सवर. दुपार-संध्याकाळ मिळून पाच फेऱ्या झाल्या, त्यातून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' अशा दोन रेकॉर्ड निघाल्या. लाफारो बासने ठेका धरून चालत नाही. तो पियानोच्या वाक्यात शिरतो, खोडून काढतो, पूर्ण करतो, कधी वर चढून त्याच्याशी समोरासमोर उभा राहतो. इव्हान्स त्याला जागा देतो. कधीकधी तर स्वतःच साथीला सरकतो. मोशनचे ब्रश दोघांच्या मध्ये पडदा हलावा तसे. तिघांपैकी सोलो कुणाचा चाललाय हे सांगणं अवघड होतं, आणि मला नेमकं तेच हवं असतं. मागे ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, गप्पा. सुरुवातीला त्या लोकांचा मला संताप यायचा: अरे, समोर काय चाललंय! आता ती किणकिण नसेल तर चुकल्यासारखं वाटेल.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. इव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जवळजवळ वाजवलंच नाही. 'संडे' ही रेकॉर्ड लाफारोच्या आठवणीसाठी निवडून बांधली, म्हणून ती त्याच्याच 'ग्लोरियाज स्टेप'ने सुरू होते आणि त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने संपते.

कोल्ट्रेनवर लिहायला बसले तर थांबणार नाही, म्हणून फक्त दोन ठिकाणं. पहिलं 'जायंट स्टेप्स', मे १९५९. कॉर्ड इतक्या झपाट्याने आणि इतक्या आडवळणाने बदलतात की कोल्ट्रेनने महिनोन्महिने घोटलेलं ते पियानोवादक टॉमी फ्लॅनागनच्या पुढ्यात ऐन वेळी आलं. कोल्ट्रेन सुसाट सुटतो. मग फ्लॅनागनचा सोलो येतो, दोन पावलं टाकतो, अडखळतो, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड धरून उभा राहतो. जगातल्या गाजलेल्या फजितींपैकी एक, आणि कायमची कोरलेली. पण गोष्ट इथे संपत नाही. १९८२मध्ये, कोल्ट्रेनला जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, फ्लॅनागनने 'जायंट स्टेप्स' याच नावाची रेकॉर्ड केली आणि ती रचना सहज, हसतखेळत वाजवली. दोन्ही पाठोपाठ ऐका. तेवीस वर्षं एक माणूस मनातल्या मनात काय ऐकत बसला होता ते कळतं.

दुसरं 'अ लव्ह सुप्रीम', ९ डिसेंबर १९६४, व्हॅन गेल्डरच्याच एंगलवुड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत. इथेही मूळ धून आधी बासवरच येते: जिमी गॅरिसनचे चार सूर, ज्यांवर पुढे 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द म्हटले जातात. शेवटच्या भागात, 'साम'मध्ये (Psalm, म्हणजे स्तोत्र), कोल्ट्रेन कव्हरवर छापलेली स्वतःची प्रार्थना अक्षर अक्षर सॅक्सोफोनवर म्हणतो. कविता समोर धरून ऐकलंत तर ओळी जुळतात. आणि एल्विन जोन्स. त्याचे ड्रम्स मागून येत नाहीत, चहूबाजूंनी येतात. कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ला गेला, वय अवघं चाळीस.

सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन तुम्हाला इतक्यात झेपणार नाही असं लोक सांगतील. मला पंधरा वर्षं झेपला नाही, पण दोष माझ्या ऐकण्याचा होता. मी पियानो शोधत होते आणि तिथे पियानो नव्हताच. १९५९च्या 'द शेप ऑफ जॅझ टु कम'मधलं 'लोनली वुमन' लावा. बिली हिगिन्सचे ड्रम्स धावतायत, आणि त्यावर ऑर्नेट आणि डॉन चेरीची चाल शोकयात्रेसारखी संथ जातेय. दोन वेग, एकाच वेळी. मध्ये चार्ली हेडनचा बास दोघांचा हात धरून. हेडनवर कान ठेवा, ऑर्नेट आपोआप समजू लागतो. मग डिसेंबर १९६०चं 'फ्री जॅझ': दोन चौकडी, एक डाव्या कानात, दुसरी उजव्या, सदतीस मिनिटं. हेडफोनची एक बाजू काढून ऐकायची माझी सवय तिथली. डावीकडच्या चौकडीत बासवर कोण? स्कॉट लाफारो. सहा महिन्यांनी व्हॅनगार्डमध्ये इव्हान्सशी हळू आवाजात बोलणारा हाच माणूस.

उलट टोकाचंही एक सांगते. डिसेंबर १९६५, शिकागोचा 'प्लग्ड निकल' क्लब, माइल्सची दुसरी पंचकडी: वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर, टोनी विल्यम्स. ही मुलं एकमेकांना इतकी ओळखू लागली होती की पुढचा काय वाजवणार हे आधीच कळायचं, आणि त्याचाच त्यांना कंटाळा आला. म्हणून त्यांनी आपसांत ठरवलं की समोरच्याला जे अपेक्षित असेल त्याच्या उलट वाजवायचं. लय चढायला लागली की खाली आणायची, सोलो तापला की पाण्यात बुडवायचा. माइल्स नुकताच आजारपणातून उठलेला, त्याला हे सांगितलंच नव्हतं. तो काय करतो ते ऐकण्यासारखं आहे.

गायकांत एला फिट्झजेराल्डचा बर्लिनचा १९६०चा कार्यक्रम. 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरते, विसरल्याचंच गाणं करते, आणि साथीदार एका मात्रेनेही डगमगत नाहीत. एवढं पुरे.

तुमच्यासाठी क्रम विचारलात म्हणून. पहिला आठवडा 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'सो व्हॉट', दोनच रचना; एकदा फक्त बास, एकदा फक्त सिंबल, एकदा फक्त पियानो, आणि शेवटी वाटलंच तर माइल्स. मग हँक मोब्लीची 'सोल स्टेशन', फेब्रुवारी १९६०ची. समीक्षक तिला मोठ्या पंगतीत सहसा बसवत नाहीत, मला मात्र ती कित्येक थोर रेकॉर्डहून प्रिय आहे. मोब्ली टेनरवर, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी, आणि पियानो-बासवर ओळखीचेच दोघं: केली आणि चेंबर्स. पहिल्या रचनेत ब्लेकी मोब्लीच्या वाक्यानंतर टॉम या ड्रमवर एक छोटीशी थाप देतो. ती कुठे येते ते शोधून मला कळवा, मग व्हॅनगार्डच्या तळघरात जाऊ.